वैजापूरची वाट

मनमाडहून निघालेली गाडी अंकाई-टंकाईच्या पायथ्याने नगरसूल मागे टाकून काळ्या, सपाट रानात शिरते, तेव्हा एके काळी येथे एक राज्य संपून दुसरे सुरू होत असे याची साक्ष देणारी कोणतीही खूण प्रवाशाला आढळत नाही. पूर्वी मात्र नगरसूल इंग्रजी अमलात आणि वैजापूरचे स्टेशन रोटेगाव हैदराबादच्या निजामाच्या दौलतीत होते; तिकडे कलदार रुपया, इकडे हाली सिक्का, आणि मधोमध करोडगिरीची, म्हणजे जकातीची, चौकी.

15 ऑगस्ट 1947 रोजी येवल्यात तिरंगा फडकला, तेव्हा काही कोसांवरचे वैजापूर निजामाच्याच हुकमतीत राहिले. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ कैद झाल्यावर तिचे कार्यकर्ते सरहद्दीबाहेर गेले आणि मार्क्सवादी विचारांची छाप असलेल्या गोविंदभाई श्रॉफांनी मनमाडहून मराठवाड्याच्या लढ्याची सूत्रे हलविली. हद्दीवरच्या चौक्या उद्ध्वस्त करणे, अबकारीचे उत्पन्न बुडावे म्हणून शिंदीची झाडे तोडणे आणि लेव्हीचे धान्य देण्यास नकार देणे हे या लढ्याचे मार्ग होते. म्हणजे सत्तेचा प्रश्न आरंभापासूनच रयतेच्या पोटाशी बांधलेला होता.

त्याच सुमारास, मार्च 1948 मध्ये, याच लोहमार्गाने जोडलेल्या नाशकात समाजवादी पक्षाने काँग्रेसशी काडीमोड घेतला. ज्या विचाराचे बीज 1932-33 साली नाशिकच्याच तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता प्रभृतींच्या चर्चांत रुजले, त्याचीच ही परिणती. तिकडे फाटाफुटीचा ठराव होत असता सरहद्दीवरचे डावे मात्र काँग्रेसच्याच झेंड्याखाली निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र रझाकारांशी झुंजत होते. कारण ज्यांना अजून राज्यच मिळाले नव्हते, त्यांना सत्ताधाऱ्यांपासून विभक्त होण्याची चैन परवडणारी नव्हती.

रोटेगावहून रिक्षाने वैजापुरात शिरताना बाजारपेठेतील कपाशी-कांद्याच्या भावाची बोलणी कानी पडतात, आणि ‘जमीन कोणाची, पिकाचा मोबदला कोणाचा’ हा त्या पिढीचा सवाल अद्याप निकाली निघाला नसल्याचे ध्यानी येते. सप्टेंबर 1948 मध्ये भारत सरकारच्या पोलीस कारवाईने निजामी संपली, 1949 मध्ये जहागिरी खालसा झाल्या, 1950 मध्ये कुळकायदा आला. नाशिकचा ठराव पक्षाच्या इतिहासात राहील. परंतु समाजवादाचे जे थोडेफार फळ वैजापूरच्या कुळाच्या पदरात पडले, ते ठरावाने नव्हे, तर सरहद्दीवरच्या एकजुटीने पडले, असेच म्हणावे लागते.