खणखणीत आणि बद्द

कुंडमळ्याला इंद्रायणीवर लोखंडी पूल झाला, तेव्हा मी आयटीआयला होतो. आम्ही इंदोरीचे, आत्या शेलारवाडीला. नदीला पाणी असलं की तिच्याकडे जायला लांबचा वळसा पडायचा. तो वळसा पुलामुळे वाचला. रुंदी जेमतेम चार फूट. समोरून दुचाकी आली की कठड्याला चिकटून उभं राहायचं. खाली काळ्या कातळात रांजणखळगे; पावसाळ्यात त्यांत पाणी असं घुमायचं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे.

त्याच सुमारास सरांनी वर्गात चार पट्ट्या बोल्टने जोडून चौकोन केला. बोटाने ढकलला, तो कलंडला. मग तीन पट्ट्यांचा त्रिकोण हातात दिला आणि म्हणाले, "आता ढकला." हलला नाही. शेडची कैची, विजेचा टॉवर, रेल्वेचा जाळीदार गर्डर, सगळं त्या त्रिकोणाच्या भरवशावर उभं असतं. मला लोखंडाचं वेड लागलं ते तिथे.

पुढे भोसरीत फॅब्रिकेशन, मग चाकणला मेंटेनन्स. जुन्या शेडच्या कैच्या तपासायला एका फिटरमामांनी शिकवलं. हातोडी घ्यायची आणि रिव्हेटवर हलकेच मारायची. घट्ट असेल तर खणखणीत वाजते, ढिली असेल तर बद्द. गंज उघड्यावर कमी, सांध्यात जास्त. दोन पट्ट्यांच्या फटीत माती-पाला साचतो, ओल धरते. वरून रंग शाबूत दिसतो, जरासा फुगलेला. पापुद्रा खरवडून व्हर्नियर लावला की दहा एमएमचा अँगल सहाच भरतो. हे कळायला हात लावावा लागतो, लांबून बघून कळत नाही.

१५ जून २०२५, रविवार. नदीला पाणी वाढलेलं, पर्यटकांची झुंबड, आणि तो पूल कोसळला. चौघं गेले, पन्नासावर जखमी झाले. पूल अवघा तीसेक वर्षांचा होता. धोक्याची पाटी लावली होती, तरी लोक गेले कशाला, असं पुष्कळांनी विचारलं. मला तो प्रश्न अपुरा वाटतो. गावाची ये-जा ज्या पुलावर आहे, त्याला पाटी पुरत नाही. अमेरिकेत खेड्यापाड्यांतले त्रिकोणी सांगाड्याचे शंभर वर्षांपूर्वीचे पूल आजही वापरात आहेत. तिथेही १९६७ साली ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज एका पट्टीला तडा जाऊन पडला आणि ४६ माणसं मेली. त्यानंतर देशभर पुलांची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची झाली.

आमच्या चाकणच्या कारखान्यांत प्रेसच्या अंगावर चेकशीट टांगलेली असते. शिफ्ट सुरू होताना ऑपरेटर त्यावर खूण करतो, सुपरवायझर सही करतो. बोल्ट ढिला निघाला तर मशीन थांबतं, लाइन थांबते, आणि कुणी कुरकुर करत नाही. लोखंडाची एवढी निगा जिथे रोज राखली जाते, तिथून कुंडमळा मोटरसायकलवर जाण्याएवढा जवळ.

भामा, सुधा, पवना, इंद्रायणी यांवरच्या प्रत्येक लहान पुलाला तशी चेकशीट हवी. शेवटची तपासणी कधी, रंग कधी, कोणता सांधा बदलला, खाली सही कुणाची, हे गावाला वाचता येईल अशी. आणि आयटीआयच्या पोरांना मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, सरांबरोबर हातोडी-व्हर्नियर घेऊन पुलावर न्यावं. तपासणीची सही जाणत्या इंजिनिअरचीच असावी, पण बद्द आवाज कसा असतो तो त्या पोरांनी कानाने ऐकावा.