नवं नाटक आधी ऐकायचं असतं

विलेपार्ले (पूर्व), मुंबई

प्रिय सायली,



तुझा प्रश्न सरळ होता. इथल्या छोट्या नाट्यसंस्था नवं नाटक बसवून दाखवण्याऐवजी नुसतं वाचून का दाखवतात? चार-पाच नट हातात संहिता घेऊन खुर्च्यांवर बसतात, नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, आणि हंगामभर अशी वाचनंच होत राहतात. पैसे नाहीत म्हणून वेळ मारून नेण्याचा हा प्रकार तर नाही ना, असं तू विचारलंस. पैशांची चणचण खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. तरीही माझं उत्तर वेगळं आहे. नवं नाटक प्रयोगाआधी लोकांसमोर वाचलं जाणं ही नाटकाच्या घडणीतली एक स्वतंत्र पायरी आहे. ती गाळली की लेखकाचं नुकसान होतं, आणि आज मुंबईत या पायरीची सर्वांत जास्त गरज उपनगरांना आहे. असं मी का म्हणते ते सविस्तर लिहिते.

वाचन आपल्या रंगभूमीला नवं नाही. कुठल्याही नाटकाची तालीम वाचनानेच सुरू होते. नट आधी बसून वाचतात, मग उभे राहतात. पण ते वाचन नाटक करायचं ठरल्यानंतरचं. त्याआधी लेखकाला कुणी ऐकतं का, हा खरा प्रश्न आहे. मराठीत एकेकाळी त्याची सोय इतर वाटांनी झाली होती. १९६०च्या सुमारास विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे यांनी ‘रंगायन’ उभी केली, ती नव्या लेखनाची वाट पाहणारी संस्था होती. महेश एलकुंचवारांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ साली ‘सत्यकथा’ मासिकात छापून आली, विजयाबाईंच्या वाचनात आली, आणि नागपूरचा एक तरुण लेखक रंगायनच्या रंगमंचावर पोचला. त्याच वर्षी राज्य नाट्यस्पर्धेसाठी रंगायनने तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ केलं. त्यातलं लीला बेणारेचं शेवटचं स्वगत तालमी चालू असताना, ती भूमिका करणाऱ्या सुलभा देशपांडे आणि दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहातून लिहिलं गेलं. ते स्वगत वगळून आज त्या नाटकाची कल्पनाही करता येत नाही. म्हणजे तेंडुलकरांसारख्या लेखकालाही नाटकात काय उणं आहे ते नटांच्या सहवासात उमगलं. लेखकाची प्रतिभा त्याने कमी ठरत नाही. नाटक हा प्रकारच असा आहे की दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो लेखकाला पुरता कळत नाही.

आता या वाटांचं पुढे काय झालं ते पाहा. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडलं. रंगायन त्याच्याही दहा वर्षं आधी थांबलं होतं. रंगायनमधून बाहेर पडून अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी १९७१ साली ‘आविष्कार’ स्थापन केली, आणि १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांची एक चळवळच उभी राहिली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती जागाही गेली आणि आविष्कार माहीमच्या महापालिका शाळेत आली. पुण्यात थिएटर अकादमीने सतीश आळेकरांच्या पुढाकाराने १९८५पासून जवळपास दशकभर नाटककारांसाठी कार्यशाळा घेतल्या, त्याला फोर्ड फाउंडेशनचं साहाय्य होतं. तो निधी संपला तसा उपक्रमही संपला. मुंबईत प्रेमानंद गज्वी यांच्या बोधी नाट्य परिषदेने लेखकांना एकत्र बसवून त्यांची नवी नाटकं वाचायची आणि त्यांवर चर्चा करायची ही पद्धत चालवली. या सगळ्यातून मला एकच दिसतं. नव्या नाटकाला ऐकणारे कान एखाद्या मासिकामुळे, एखाद्या शाळेमुळे किंवा एखाद्या अनुदानामुळे मिळत गेले, आणि तो आधार गेला की कानही गेले. वाचनांचा हंगाम ही त्या आधारांहून स्वस्त आणि म्हणून टिकाऊ अशी सोय आहे.

ही गरज मराठीपुरतीच आहे असंही नाही. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरने १९५७पासून रविवारी रात्री नेपथ्याशिवाय नवी नाटकं दाखवायला सुरुवात केली. अर्नोल्ड वेस्करचं ‘द किचन’ १९५९ साली आधी तसंच झालं आणि पूर्ण स्वरूपात १९६१ साली आलं. अमेरिकेत तू राहतेस त्या हार्टफर्डहून तासाभरावर वॉटरफर्ड आहे. तिथल्या यूजीन ओ’नील थिएटर सेंटरमध्ये १९६५पासून दर उन्हाळ्यात नाटककारांची परिषद भरते आणि नट हातात संहिता घेऊन नवी नाटकं सादर करतात. ऑगस्ट विल्सनची नाटकं तिथे अनेकदा नाकारली गेली होती. १९८२ साली ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ घेतलं गेलं, त्यावर काम झालं, आणि १९८४ साली ते तुमच्याच राज्यातल्या येल रेपर्टरीत आणि तिथून ब्रॉडवेवर गेलं. पुढे अमेरिकेतला एक श्रेष्ठ नाटककार म्हणून त्याचं नाव झालं. रॉयल कोर्टची हीच पद्धत मुंबईतही आली. रजित कपूर, शेरनाझ पटेल, राहुल डाकुन्हा यांच्या ‘रेज’ या नाट्यसंस्थेने रॉयल कोर्टच्या सहकार्याने ‘रायटर्स ब्लॉक’ सुरू केलं. कार्यशाळेत लेखकांनी खर्डे लिहायचे, त्यांवर चर्चा व्हायची, मग पुन्हा लिहायचं, आणि शेवटी महोत्सव. २००७च्या महोत्सवात अनुवब पालचं ‘द प्रेसिडेंट इज कमिंग’ आलं आणि दोनच वर्षांत त्यावर चित्रपट निघाला. या उदाहरणांमधला समान धागा हा की कच्च्या खर्ड्याला पक्क्या प्रयोगाची कसोटी कुणी लावली नाही. आधी ऐकलं, मग निवाडा केला.

उपनगरांचा मुद्दा इथे येतो. १९८२चा गिरणी संप, चाळींचा पुनर्विकास आणि घरांच्या किमती यांमुळे गिरगाव, लालबाग, परळचा मराठी माणूस बोरिवली-दहिसर, मुलुंड आणि त्याही पलीकडे सरकला. व्यावसायिक नाटक त्याच्या मागोमाग आलं. आमचं पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास ही नाट्यगृहं त्याच्या जोरावर उभी आहेत. पण ती मोठी नाट्यगृहं आहेत. तिथे शनिवार-रविवारची तारीख मिळवायची, भाडं आणि जाहिरात भागवायची, तर शेकडो तिकिटं खपायलाच हवीत, आणि म्हणून निर्माता ओळखीचा चेहरा आणि ओळखीचा विषय शोधतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा हिशोबच तसा आहे. मात्र पहिलं नाटक लिहिणाऱ्या कांदिवलीच्या किंवा भांडुपच्या लेखकाला त्या हिशोबात जागा नाही. छोट्या जागा उपनगरांत आहेत. जेनिफर केंडल आणि शशी कपूर यांनी १९७८ साली जुहूला उभं केलेलं सुमारे दोनशे आसनांचं पृथ्वी आहे, वर्सोव्याच्या आराम नगरात स्टुडिओ आहेत. पण तिथे भर हिंदी आणि इंग्रजी नाटकांवर राहिला. म्हणजे मराठी प्रेक्षक उत्तरेला आला, मोठं नाटकही आलं, आणि मधली प्रयोगाची जागा दादर-माहीमलाच राहून गेली. वाचनाला मात्र शाळेचा वर्ग पुरतो, वाचनालयाचं दालन पुरतं, सोसायटीचं सभागृह पुरतं. छबिलदासही शाळाच होती, हे विसरून चालणार नाही.

शिवाय प्रश्न केवळ जागेचा नाही. जयंत पवारांचं ‘अधांतर’ रंगमंचावर आलं १९९७ साली, म्हणजे गिरणी संपानंतर पंधरा वर्षांनी. शहर उलथून टाकणाऱ्या घटनेला नाटकात यायला इतका काळ लागतो. आज उपनगरांत जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत, कुटुंबं वर्षानुवर्षं भाड्याच्या घरांत ताब्याची वाट पाहताहेत, म्हाताऱ्या माणसांना ओळखीचे शेजारी परके होताहेत. हे जगणाऱ्या लोकांमध्येच ते लिहिणारा लेखक आहे, आणि तो खरं लिहितोय की ऐकीव, हे सांगू शकणारा श्रोताही तिथेच आहे. त्या दोघांची गाठ घालून द्यायला मोठा प्रयोग होईपर्यंत थांबलो, तर आणखी पंधरा वर्षं जातील.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप हा की नाटक ही पाहायची कला आहे, वाचनात ते अर्धंच राहतं. हे मला मान्य आहे. ‘घाशीराम कोतवाल’मधली ब्राह्मणांची मानवी भिंत, तिचं डोलणं, तिचं उघडणं-मिटणं खुर्चीवर बसून वाचल्यावर कुणाला कळणार? १९७२ साली जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना नसती, तर ते नाटक आज आपण ओळखतो तसं झालं नसतं. ज्या नाटकाचा प्राण शरीरात आणि समूहात आहे, त्याला वाचन न्याय देत नाही, आणि संयोजकांनी अशा नाटकासाठी वाचनाचा हट्ट धरू नये. पण बहुतेक नव्या नाटकांचे पहिले दोष दृश्यातले नसतात. वाक्य नटाच्या तोंडात बसत नाही, सगळी पात्रं एकाच आवाजात बोलतात, पहिल्या अंकात उभा केलेला पेच दुसऱ्या अंकात विसरला जातो, जे श्रोत्याला केव्हाच कळलंय तेच पुन्हा सांगितलं जातं. हे सगळं कानाला लगेच कळतं आणि कागदावर दुरुस्त करता येतं. नेपथ्य उभं राहिल्यावर, तारखा लागल्यावर, तीच दुरुस्ती करायला ना पैसा उरतो ना धीर.

दुसरा आक्षेप असा की नुसतं ऐकायला लोक येत नाहीत. त्याला पृथ्वी थिएटरमधलंच उदाहरण आहे. २७ फेब्रुवारी १९९२ रोजी तिथे ‘तुम्हारी अमृता’चा पहिला प्रयोग झाला. शबाना आझमी आणि फारुख शेख बसून एकमेकांना लिहिलेली पत्रं वाचत होते, एवढंच. ते नाटक २०१३ साली फारुख शेख जाईपर्यंत चाललं. अर्थात ती पूर्ण झालेली कृती होती आणि दोघंही नामवंत होते, म्हणून नव्या लेखकाच्या खर्ड्याला तेवढी गर्दी होईल असं मी म्हणणार नाही. त्या उदाहरणातून एवढंच सिद्ध होतं की शब्द आणि आवाज चांगले असतील तर प्रेक्षक डोळ्यांना खाद्य नसतानाही बसून राहतो. वाचनाला चाळीस माणसं आली तरी पुरे. फक्त ती लक्ष देणारी हवीत.

तिसरा आक्षेप एकांकिका स्पर्धांचा. नवे लेखक तिथून येतातच की, मग आणखी काय हवं? ‘सवाई’सारख्या स्पर्धांनी मराठी रंगभूमीला लेखक, नट, दिग्दर्शक दिले, त्याबद्दल मला आदरच आहे. पण स्पर्धा निकाल देते, वेळ देत नाही. एका संध्याकाळी ठरतं, आणि नंतर त्या संहितेवर पुन्हा बसायला कुणी सांगत नाही. एकांकिका लिहिणाऱ्या मुलीला दोन अंकी नाटकाकडे जाताना जो लांब दम लागतो, तो कमावायला स्पर्धेत जागा नाही.

चौथा आक्षेप तुमच्या अमेरिकेतले लेखकच घेतात. नाटक वाचनांतच अडकून पडतं. प्रत्येक वाचनानंतर सूचना, प्रत्येक सूचनेनंतर नवा खर्डा, आणि शेवटी लेखकाचा आवाजच पुसट होतो. हा धोका खरा आहे आणि तो पद्धतीनेच टाळावा लागतो. एका नाटकाची वाचनं दोनच असावीत, पहिली आणि दुरुस्तीनंतरची. त्यानंतर संस्थेने ते बसवावं किंवा लेखकाला मोकळं करावं. रंगसूचना एका स्वतंत्र माणसाने वाचाव्यात, म्हणजे नट त्यांत गुंतत नाहीत. आणि चर्चेत श्रोत्यांनी काय ऐकलं, कुठे लक्ष सुटलं, कुठे गोंधळ झाला एवढंच सांगावं. नाटक कसं लिहावं हे सांगू नये. श्रोत्याचा अनुभव खोटा नसतो, त्याचा उपाय मात्र बहुतेक वेळा चुकतो. एवढी शिस्त पाळली तर वाचनामुळे लेखक दबत नाही, उलट आपलं कुठलं वाक्य राखायचं हे त्याला ठामपणे कळतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की ज्या संस्थेकडे वर्षात एका प्रयोगाचे पैसे आहेत, तिने ते एका अंदाजावर उधळण्याआधी सहा नाटकं ऐकावीत. त्यातलं एक बसवावं. उरलेल्या पाच लेखकांनाही या वाटेवर काहीतरी मिळालेलं असेल, आणि नुसत्या निवडसमितीने नकार कळवला असता तर ते मिळालं नसतं.

तुला दोन कामं सांगते. येत्या उन्हाळ्यात वॉटरफर्डला जाऊन एखादं वाचन ऐक, आणि तिथे चर्चा कशी चालवतात ते मला नीट लिहून कळव. इथल्या संस्थांना ते उपयोगी पडेल. दुसरं काम मराठी मंडळाचं. १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाल्यापासून तिकडची मंडळी इथली नाटकं मोठ्या हौसेने बोलावतात, त्यासाठी व्हिसा आणि विमानभाडं उभं करतात. वाचनाला त्यातलं काहीच लागत नाही. तुमच्यातल्या कुणीतरी तिकडच्या आयुष्यावर मराठीत नाटक लिहिलंच असेल, आणि ते संगणकात पडून असेल. पाच माणसं जमवा, भूमिका वाटून घ्या आणि ते मोठ्याने वाचा. मग दुरुस्त केलेली प्रत मला पाठवा. पार्ल्यात ती वाचायला नट मी शोधते.

तुझी,
मावशी