नायिकेचे ठीक, दासीचे काय?

अभिजात साहित्यातल्या नायिकांना स्त्रीवादी रंगभूमी नव्याने बोलते करते, याचे आम्हाला स्वागतच आहे. सीता प्रश्न विचारते, द्रौपदी जाब मागते. पण आमचा प्रश्न पुढचा आहे. राणी बोलू लागली. तिचे केस विंचरणारी दासी कधी बोलणार?

कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांनी हाच प्रश्न ‘डेस्डेमोना’ या नाटकात मांडला. २०११ साली ते व्हिएन्नात सादर झाले. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त डेस्डेमोना मरणाच्या रात्री आईच्या दासीची, बार्बरीची आठवण काढते. प्रियकराने सोडलेली बार्बरी एक गाणे गात मेली, एवढाच उल्लेख. ती रंगमंचावर येतच नाही. मॉरिसन यांनी तिला मृत्यूनंतरच्या जगात डेस्डेमोनासमोर उभे केले. डेस्डेमोना तिला मैत्रीण समजते. दासी ठणकावते : आपण मैत्रिणी नव्हतो, मी तुझी चाकरी करत होते. बार्बरी हे तुम्ही आफ्रिकेला दिलेले नाव. माझे नाव सारन. मग ती मरणाचे जुने गाणे सोडून नवे गाते. ही भूमिका मालीच्या गायिका रोकिया त्राओरे यांनी केली.

आम्ही वस्तीत घरकामगार महिलांसोबत काम करतो. बैठकीत ही गोष्ट सांगितली, तेव्हा फार समजवावे लागले नाही. एक मावशी म्हणाल्या, “आमच्या मॅडमपण म्हणतात, तू घरचीच आहेस. कप मात्र माझा खिडकीत वेगळा.”

वंश आणि जात एक नव्हेत. पण ‘आपण साऱ्या बहिणी’ हे वाक्य दोन्हीकडे मालकीणच आधी उच्चारते. भांडी कोण घासते, हा हिशेब झाल्याशिवाय भगिनीभाव येत नाही.

हे सांगायला आपल्याला शेक्सपिअरची गरज नाही. फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांचे दुःख मांडले. बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे तिने लिहिले. ते दुःख तिला कोणा नायिकेने सांगितले नव्हते.

म्हणून एकांकिका बसवणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनो, कैकेयीला न्याय द्याल तेव्हा मंथरेकडेही पाहा. तिच्या वाट्याला कुबड आणि दोष एवढेच आले. तिला पात्र म्हणून घेणे पुरेसे नाही. ते लिहिणारी, करणारी बाईही आपल्या वस्तीतून येऊ द्या.

जय भीम!