दाराबाहेरचं शहर : ॲटलांटिक सिटीविषयी काही टिपणं

न्यू जर्सीच्या दक्षिण किनाऱ्यावर ॲबसीकन नावाचं एक लांबट, रेताड बेट आहे. इथल्या समुद्राच्या हवेत आजारी माणसं बरी होतील, असं डॉ. जोनाथन पिटनी यांचं ठाम मत होतं. रेल्वे बेटापर्यंत आणायचीच, म्हणून ते मागे लागले. १८५४ साली कॅम्डनहून पहिली गाडी आली आणि त्याच वर्षी ॲटलांटिक सिटी हे शहर कागदोपत्री जन्माला आलं. परगावच्या माणसानं यावं, राहावं, खर्च करावा, हाच या शहराचा पहिल्या दिवसापासूनचा उद्योग. पर्यटनावर जगणाऱ्या गावाचं काय काय होऊ शकतं हे समजून घ्यायचं, तर या एका शहराचा इतिहास पुरेसा आहे.

*

किनाऱ्यावर फिरून आलेल्या पाहुण्यांच्या बुटांतली रेती हॉटेलांच्या गालिच्यांवर आणि रेल्वेच्या डब्यांत सांडायची. रेल्वेतले कंडक्टर अलेक्झांडर बोर्डमन आणि हॉटेलमालक जेकब केम यांनी यावर उपाय सुचवला : किनाऱ्यालगत लाकडी फळ्यांची वाट करा. १८७० साली ती झाली. हाच बोर्डवॉक. पुढे तो रुंद झाला, मैलोन् मैल वाढला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दुकानं आणि हॉटेलं. चालायला तिकीट नाही.

शहराची कमाई या फुकटच्या चालण्यावर उभी राहिली. चालणाऱ्याला भूक लागते. मुलं टॅफीसाठी हट्ट धरतात. ऊन लागलं की टोपी घ्यावी लागते, आणि दमलं की चाकाची खुर्ची भाड्यानं घ्यावी लागते. एका पाहुण्याचे पैसे संध्याकाळपर्यंत दहा जणांच्या गल्ल्यात वाटले जायचे.

*

१८९८ साली समुद्रात आत शिरलेला स्टील पिअर हा धक्का उघडला. पुढे तिथे एका तिकिटात वाद्यवृंद, सिनेमा, नाच, आणि उंच मचाणावरून पाण्यात उडी घेणारा घोडा. करमणुकीच्या बागेचं हे जुनं रूप. त्याचं वैशिष्ट्य असं, की पिअरवर जायलाही बोर्डवॉकवरूनच जावं लागे आणि परतायलाही. करमणूक संपली की माणूस पुन्हा शहराच्या हाती लागायचा.

*

मात्र त्या काळाला सोन्याचा म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. हॉटेलांतली झाडलोट, स्वयंपाक, पाहुण्यांच्या खुर्च्या ढकलणं ही कामं मुख्यतः कृष्णवर्णीय माणसांनी केली. त्यांनी राहायचं नॉर्थसाइड या वेगळ्या वस्तीत आणि समुद्रात उतरायचं ते मिसूरी अव्हेन्यूजवळच्या ठरलेल्या तुकड्यावर. त्यांनी केंटकी अव्हेन्यूवर स्वतःची रात्र उभी केली. तिथल्या क्लब हार्लेममधलं संगीत ऐकायला गोरे पाहुणेही गर्दी करायचे. पुढे कॅसिनोंच्या ऐन भराच्या काळात, १९९२ साली, त्या क्लबची इमारत पाडली गेली. पुनर्विकास कोणत्या आठवणी राखायच्या आणि कोणत्या पुसायच्या हेही ठरवत असतो. ते ठरवताना त्या वस्तीतलं कुणी टेबलाशी बसलेलं असतं का, हे विचारायलाच हवं.

*

उतरणीची कारणं साधी होती. मोटार आली, तेव्हा लोक रेल्वेच्या शेवटच्या स्थानकाशी बांधलेले राहिले नाहीत. विमान स्वस्त झालं, तेव्हा फ्लोरिडा जवळ आलं. १९६४ साली डेमोक्रॅटिक पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन इथे भरलं, आणि देशभरच्या पत्रकारांनी जुनाट खोल्या, गळके नळ, ओस गल्ल्या पाहिल्या आणि लिहिल्या. शहराची बदनामी घरोघर पोचली.

*

१९७४ साली न्यू जर्सीच्या मतदारांनी राज्यात कॅसिनो आणण्याचा प्रस्ताव फेटाळला. १९७६ साली तोच विषय वेगळ्या रूपात पुढे आला : कॅसिनो फक्त ॲटलांटिक सिटीत, आणि त्यातून येणारा कर ज्येष्ठ नागरिक व अपंगांसाठी. या वेळी लोकांनी होकार दिला. पाठोपाठच्या कायद्यानं कॅसिनोला या शहराच्या पुनर्विकासाचं साधन म्हटलं. हे ध्यानात ठेवायचं. शहर सावरावं म्हणून जुगाराला परवानगी मिळाली होती. तेव्हा हिशेब मागायचा तो शहर सावरलं का, याचाच.

*

२६ मे १९७८. जुन्या हॅडन हॉल हॉटेलात रिसॉर्ट्स इंटरनॅशनल उघडला. नेवाडाबाहेर अमेरिकेतला हा पहिला कायदेशीर कॅसिनो. बोर्डवॉकवर रांगा लागल्या. पुढच्या काळात या धंद्यानं चाळीस हजारांहून अधिक नोकऱ्या दिल्या. शाळा अर्धवट सोडलेल्या बाईला पत्ते वाटणाऱ्या डीलरचं काम शिकून, युनियनचं सभासद होऊन, आरोग्यविम्यासकट पगार मिळू लागला. बांगलादेशातून, व्हिएतनाममधून, गुजरातेतून आलेल्या कितीतरी कुटुंबांनी या पगारांवर मुलं शिकवली. कॅसिनोवर टीका करणाऱ्यानं हे आधी मोकळेपणानं मान्य करावं. या माणसांच्या श्रमांविषयी मला आदर आहे, आणि माझी तक्रारही त्यांच्याच वतीनं आहे.

*

कायद्यात एक अट होती : प्रत्येक कॅसिनोसोबत किमान पाचशे खोल्यांचं हॉटेल हवं. हेतू चांगला होता. मोडकळीला आलेली हॉटेलं जाऊन नवी उभी राहावीत. परिणाम निराळा झाला. प्रत्येक कॅसिनो स्वतःपुरता गाव बनला. आतच जेवण, आतच दुकानं, आतच गाण्याचे कार्यक्रम, शेजारी स्वतःचा वाहनतळ आणि तिथून थेट आत नेणारा पूल. खेळाच्या दालनाला खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही. बोर्डवॉक ओलांडून समुद्राकडे पाहावं असं आत बसलेल्याला वाटूच नये, अशी सगळी रचना.

ऐंशीच्या दशकात बसगाड्या भरून म्हातारी माणसं यायची. उतरताच हातात कॅसिनोनं दिलेली नाण्यांची गुंडाळी, काही तास यंत्रापुढे, मग परतीची बस. आकड्यांत वर्षाला कोट्यवधी पाहुणे दिसत होते. दोन गल्ल्या आत मात्र जुनी उपाहारगृहं एकेक करून बंद पडत होती.

माझ्या मते या शहराच्या गोष्टीचं मर्म इथे आहे. करमणुकीची जुनी वाट पाहुण्याला शहरात सोडायची. कॅसिनोची इमारत त्याला शहरापासून राखून ठेवते.

*

जमिनीचं टिपण. कॅसिनो येणार म्हटल्यावर भाव चढले. इनलेट भागातल्या कितीतरी घरमालकांनी डागडुजी थांबवली. उद्या कुणीतरी मोठा विकत घेईल, मग आज छप्पर कशाला शाकारायचं? घरं पडली, काहींना आगी लागल्या, बाकीची पाडली गेली. समुद्रालगतचे हे चौक पुढे अनेक वर्षं नुसते गवताचे राहिले. समोर रोषणाई, मागे मोकळी जमीन, असं दृश्य लोकांच्या अंगवळणी पडलं.

*

ट्रम्प प्लाझा या कॅसिनोच्या शेजारी एका वृद्ध विधवेचं घर होतं. ती विकायला तयार नव्हती. कॅसिनोंकडून सक्तीनं येणारा पैसा शहरात गुंतवण्यासाठी १९८४ साली एक सरकारी प्राधिकरण नेमलेलं होतं. त्या प्राधिकरणानं तिचं घर ताब्यात घ्यायला भूसंपादनाचा अधिकार वापरला, कॅसिनोच्या मोटारी उभ्या करायला जागा हवी म्हणून. १९९८ साली न्यायालयानं ते रोखलं आणि बाई घरात राहिली. तो कॅसिनो २०१४ मध्ये बंद पडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याची इमारत सुरुंग लावून जमीनदोस्त केली. ज्या सार्वजनिक हिताच्या नावाखाली ते घर हिरावलं जाणार होतं, ते हित तीस-चाळीस वर्षंही टिकणारं नव्हतं. कोकणात, गोव्यात, कुठेही प्रकल्पासाठी जमीन मागायला माणसं येतील, तेव्हा हा दाखला हाताशी असावा.

*

२००६ साली ॲटलांटिक सिटीच्या कॅसिनोंची कमाई ५.२ अब्ज डॉलरवर पोचली. ते शिखर ठरलं. त्याच वर्षाच्या अखेरीस शेजारच्या पेनसिल्वेनियात कॅसिनो सुरू झाले. फिलाडेल्फियाच्या माणसाला आता तासभर गाडी हाकायची गरज उरली नाही. शहराचा धंदा आसपास ते जवळपास एकटंच असण्यावर टिकलेला होता, आणि एकटेपण कायद्यानं मिळालेलं असलं की दुसऱ्या राज्याच्या कायद्यानं ते जातं.

२०१४ या एका वर्षात चार कॅसिनो बंद पडले : ॲटलांटिक क्लब, शोबोट, रेव्हेल, ट्रम्प प्लाझा. सुमारे आठ हजार नोकऱ्या गेल्या. यातला रेव्हेल तर दोनच वर्षांपूर्वी उघडलेला, बांधायला २.४ अब्ज डॉलर लागलेला, तो ८.२ कोटी डॉलरला विकला गेला.

*

मग घरपट्टीचा प्रश्न आला. कॅसिनोंच्या इमारतींचं मूल्य कोसळलं, त्यांनी जादा भरलेला कर परत मागितला. एकट्या बोरगाटा कॅसिनोचं शहराकडे १६.५ कोटी डॉलरचं येणं निघालं. २०१७ मध्ये ७.२ कोटींवर तडजोड झाली. त्याआधी, २०१६ च्या नोव्हेंबरात, राज्य सरकारनं शहराचा कारभारच हाती घेतला होता. ज्या नगरपालिकेची निम्म्याहून जास्त भिस्त एका धंद्यावर, तिचं स्वातंत्र्य त्या धंद्याच्या ताळेबंदाला बांधलेलं असतं.

*

अब्जावधी डॉलर या बेटावरून वाहून गेले, आणि इथल्या रहिवाशांना भाजी, फळं, दूध एका छताखाली मिळेल असं मोठं किराणा दुकान वर्षानुवर्षं मिळालं नाही. गाडी नसलेल्या माणसानं बस पकडून खाडीपलीकडच्या गावात जायचं. पुनर्विकास यशस्वी झाला का, हे पाहायला मला हॉटेलांच्या खोल्यांचा आकडा लागत नाही. शिफ्ट संपवून घरी निघालेल्या कामगाराला चालत्या अंतरावर टोमॅटो मिळतो का, एवढं सांगा.

*

बंद शोबोट २०१४ च्या डिसेंबरात स्टॉक्टन विद्यापीठानं विकत घेतला. विद्यार्थी येणार, वर्ग भरणार, बारमाही वस्ती होणार. पण १९८८ सालच्या एका करारानुसार त्या जागेवर कॅसिनोखेरीज काही चालवायला बंदी होती, आणि शेजारच्या कॅसिनोनं तो करार पुढे केला. विद्यापीठाला माघार घ्यावी लागली. एका पिढीनं केलेल्या कागदानं पुढच्या पिढीचा रस्ता अडवला. स्टॉक्टननं हार मानली नाही; २०१८ साली शहरात दुसरीकडे, बोर्डवॉकलगतच, त्यांचं शिक्षणसंकुल उभं राहिलं. शोबोटमध्ये आज जुगार नाही. तिथे खेळयंत्रांचं दालन आहे, आणि २०२३ साली छताखालचं जलोद्यान उघडलं. स्टील पिअरवर २२७ फुटांचा पाळणा फिरतो. मुलाबाळांसकट येणारं कुटुंब पुन्हा या शहराला हवंसं वाटू लागलंय. जलोद्यानालाही भिंती असतात, हे खरं. तरी मुलं असलेलं कुटुंब संध्याकाळी बाहेर पडतं, आणि बाहेर पडलेल्या माणसाचा शहराला उपयोग असतो.

*

२०२२ च्या ऑगस्टमध्ये उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळींचं, बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन याच शहरात भरलं. सभागृह आणि बोर्डवॉक यांच्या मधल्या गल्ल्यांतून जे कुणी चालत गेले असतील, त्यांनी हे शहर खऱ्या अर्थानं पाहिलं.

*

१९७६ हे साल आपलंही आहे. न्यू जर्सीनं होकार दिला त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं कॅसिनो नियंत्रण व कर कायदा मंजूर केला. तो कधीच अमलात आला नाही. पर्यटन वाढेल, महसूल येईल, म्हणून त्याची मागणी अधूनमधून होत राहिली. २०२३ साली तो रद्द झाला. मला तो निर्णय योग्य वाटतो.

गोव्यानं दुसरी वाट धरली. १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं, १९९६ मध्ये पाण्यावरच्या कॅसिनोंना मुभा. मांडवीतून ही जहाजं हलवू, असं सरकारांनी वेळोवेळी सांगितलं आणि वेळोवेळी मुदतवाढ दिली. २०२० पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला मज्जाव आहे. आपल्या लोकांना जे अपायकारक मानलं, त्याला आपल्या नदीचा दर्शनी भाग द्यायचा का, याचं उत्तर पणजीकरांना मिळायला हवं.

*

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला, सायक्लोन हा रोलर कोस्टर आणि वंडर व्हील हा पाळणा यांच्या शेजारी, कॅसिनो आणायचा प्रस्ताव होता. २०२५ च्या सप्टेंबरात स्थानिक सल्लागार समितीनं तो नाकारला. तिथे लोकांना आधी विचारलं गेलं, याचं मोल मोठं आहे.

*

आपल्याकडच्या एखाद्या किनाऱ्याच्या किंवा थंड हवेच्या गावात उद्या कुणी असा आराखडा घेऊन आलं, तर ग्रामसभेनं, नगरपालिकेनं पाच गोष्टी विचाराव्यात. पाहुणा दिवसाचे किती तास तुमच्या भिंतीबाहेर असेल? शेजारच्या राज्यानं हाच धंदा उघडला तर आमच्या घरपट्टीचं काय? पैसा हाती येण्याआधी कुणाचं घर पाडणार नाही, याची हमी काय? तुमचा धंदा बुडाला तर ही जागा शाळेला, दवाखान्याला वापरता येईल ना? आणि तुमच्याकडे काम करणारा माणूस याच गावात राहू शकेल, बाजारहाट करू शकेल, एवढा पगार देणार का? उत्तरं परवान्याच्या अटींत लिहून घ्यावीत आणि तो कागद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावा. ज्याला ही उत्तरं लेखी द्यायची नसतील, त्याला जागा देऊ नये.