बाळ, आजी आणि इमॅजिका

वर्षाच्या मुलाला घेऊन थीम पार्कला जायचे म्हटले, की घरची-शेजारची मंडळी एकच प्रश्न विचारतात, "त्याला त्यातलं काय कळणार?" आम्हांलाही तो विचारला गेला. प्रश्न रास्तच आहे. एवढ्या लहान मुलाला या सहलीची आठवण राहणार नाही, उंच पाळण्यांवर त्याला कोणी बसू देणार नाही, आणि दुपारी त्याला झोप येणारच. मग हा खर्च करायचा तो कोणासाठी? आम्हांला उत्तर मिळाले, पण ते सहल संपता संपता. आपल्यापैकी कोणाच्या मनात अशी सहल असेल तर उपयोग व्हावा, म्हणून आमचा हा अनुभव येथे देत आहोत.

आम्ही म्हणजे घरातली तीन मोठी माणसे: बाळाची आई, बाळाचे बाबा आणि आजी. चौथी आमची छकुली, वय तेरा महिने. राहायला अंबरनाथला. बाळाच्या जन्मापासून घरात एकच पगार येतो, त्यामुळे प्रत्येक खर्च वहीत लिहायची सवय लागली आहे.

या बेताच्या मागे एक जुनी गोष्ट आहे. गोराईचे एस्सेलवर्ल्ड 1989 साली सुरू झाले आणि पुढे कित्येक वर्षे शाळांच्या सहली तिकडे जात. बाळाची आई सातवीत असताना तिच्या वर्गाची सहलही गेली. घरी वर्गणी भरायला पैसे नव्हते, म्हणून ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी मैत्रिणी जे सांगत होत्या ते तिने ऐकून घेतले आणि विषय संपवला. आज एस्सेलवर्ल्ड बंद आहे. पण टीव्हीवर मोठा पाळणा दिसला की तिचे हातातले काम क्षणभर थांबते, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. कोणी बोलून मात्र दाखवले नव्हते.

जागा आणि दिवस

जागा निवडली खोपोलीजवळचे इमॅजिका. खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर हे पार्क 2013 साली सुरू झाले. तेथे थीम पार्क, पाण्याचे पार्क आणि बर्फाचे पार्क असे वेगवेगळे भाग आहेत. वर्षाच्या बाळाला गर्दीचे पाणी नको आणि बर्फाची थंडीही नको, म्हणून आम्ही फक्त थीम पार्क धरले. एका दिवसात सगळे उरकू म्हणणाऱ्यांचे पैसेही जातात आणि बाळही आजारी पडते.

दिवस ठरवताना तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, हवा. या भागात पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये तापलेली फरशी, म्हणून हिवाळाच बरा. दुसरी, गर्दी. शनिवार-रविवारी आणि नाताळच्या सुट्टीत गर्दीही जास्त आणि दरही चढे. तिसरी, बाळाची लस. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर आणि दुसरा सोळाव्या महिन्यानंतर असतो. लस घेतल्यावर अंग कोमट होते, तेव्हा त्या आठवड्यात प्रवास नको. डिसेंबरचा पहिला आठवडा आपल्याकडे चैत्यभूमीचा. तेव्हा तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार पक्का केला आणि बाबांनी दोन दिवसांची रजा टाकली.

कार्ल्याची लेणी तेथून फार लांब नाहीत, तीही करू, असे एकदा मनात आले. पण तेथे साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या, आणि खांद्यावर बाळ. लेणी शांतपणे पाहायची असतात. बाळ एका प्रवासात एकच ठिकाण सोसते, हे लक्षात घेऊन तो मोह टाळला.

प्रवास

कर्जतपर्यंत लोकल भरपूर आहेत. पुढे खोपोलीकडे जाणाऱ्या गाड्या कमी, म्हणून वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. पनवेलकडून किंवा पुण्याकडून येणाऱ्यांना एस.टी. सोयीची. 17 मार्च 2023 पासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे आहे, आणि 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मे आहे. खोपोलीहून पार्कपर्यंत रिक्षा करावी लागते. बसण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे.

आम्ही सोमवारी दुपारच्या गाडीने निघालो. कर्जत सोडले की गाडी पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी रमतगमत जाते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला शेते. छकुली खिडकीचा गज धरून उभी राहिली ती खोपोलीपर्यंत. हे गाव तसे जुने आणि कामाचे. टाटांचे जलविद्युत केंद्र येथे 1915 साली सुरू झाले आणि घाटमाथ्यावरून उतरणाऱ्या पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. आजीचे वडील गिरणीत होते. "म्हणजे बाबांचा साचा ह्या पाण्यावर चालायचा म्हणायचा," असे म्हणून ती डोंगराकडे पाहत राहिली.

खोपोलीत आजीची मावसबहीण राहते. रात्र तिच्याकडे काढली. आदल्या रात्री जवळ मुक्काम करणे हीच आमच्या बेतातली सर्वांत मोठी बचत ठरली. बाळ पुरते झोपले आणि सकाळी हसत उठले. पहाटे चारला उठवून नेले असते, तर तिकिटाचा अर्धा दिवस रडण्यातच गेला असता. नातेवाईक नसतील त्यांनी साधी खोली घ्यावी, पण गरम पाणी मिळते का ते आधी विचारावे.

वही आणि पिशवी

वहीत चार खाने पाडले: प्रवेश, प्रवास, खाणे आणि अडीअडचण. प्रवेशाचा आकडा सर्वांत मोठा. तेथे मुलांचे तिकीट वयावर नसून उंचीवर असते. वर्षाचे मूल साधारण पाऊण मीटरचे असते. तुमच्या बाळाची उंची घरी मोजून न्यावी आणि नियम आधी फोनवर विचारून घ्यावा. तिकीट आधी नोंदवले तर काही वेळा सवलत मिळते, तीही पाहावी.

खरी चर्चा झाली ती आजीच्या तिकिटावरून. आजी म्हणाली, "मी बहिणीकडेच थांबते. मला काय करायचेत पाळणे? माझं तिकीट वाचवा, महिन्याचं दूध होईल." हिशेबाने ते बरोबर होते. आम्ही तो आकडा खोडलाही. मग बाळाच्या आईने विचारले, "आई, तुम्ही नाही आलात तर बाळाला धरून बसायचं कोणी?" उत्तर सर्वांना माहीत होते. तीच बसली असती. तेरा महिने बसत होती तशी. खोडलेला आकडा पुन्हा लिहिला, आणि त्यासाठी परतीची टॅक्सी रद्द केली.

पिशवीत फार सामान नको. भाजलेला तांदूळ आणि मूगडाळ भरडून घेतली होती. मावशीकडे सकाळी तिचे खिमट शिजवून गरम डब्यात भरले. सोबत दोन केळी, नाचणीचे सत्त्व, उकळलेले पाणी, ओ.आर.एस.ची पुडी, टोपी, दोन जोड कपडे, लंगोट. बाहेरचे खाणे अशा ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. बाळाच्या डब्याचे काय, ते आधीच विचारून ठेवावे. मोठ्यांनी पोटभर न्याहारी करून निघावे आणि आत एकदाच जेवावे, म्हणजे खाण्याचा खाना आटोक्यात राहतो.

आणि एक वस्तू विसरू नका: आजीचे जुने सुती लुगडे. दिवसभरात ते अंथरूण झाले, उन्हाचा आडोसा झाले, अंगावर पाजताना पडदा झाले आणि दुपारी खांद्यावरची झोळी झाले. भाड्याची बाबागाडी घ्यावी लागली नाही.

बाळाचे घड्याळ

पार्काची वेळ मोठी असली तरी वर्षाच्या मुलाची वेळ छोटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसारात्रीत मिळून 11 ते 14 तास झोप हवी. तेव्हा दिवसाचे तीन तुकडे केले. सकाळचे दोन-अडीच तास बाळाचे, दुपार झोपेची, आणि झोपेनंतरचा वेळ मोठ्यांचा. दिवे लागण्यापूर्वी बाहेर पडायचे, हे आधीच ठरवून टाकले. पैसे वसूल करायच्या नादात शेवटपर्यंत थांबायचे नाही.

सकाळी दार उघडताच आत गेलो. अंधारातले आणि मोठ्या आवाजाचे खेळ सोडले. लहान मुलाला त्यात मजा नसते, भीती असते. गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या पाळण्यात आजी छकुलीला कुशीत घेऊन बसली. पहिल्या फेरीला दोघीही गंभीर होत्या. दुसऱ्या फेरीला छकुली टाळ्या वाजवू लागली आणि आजी आमच्याकडे पाहून हात हलवू लागली. खरे सांगायचे तर बाळाला सर्वांत आवडला तो रांगेचा कठडा. त्याला धरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. आम्हीही चालू दिले. तिची सहल तिच्या मापाची होती.

बारा वाजता खिमट खाल्ले आणि लुगड्याच्या झोळीत ती झोपली. आजी सावलीतल्या बाकावर बसली आणि म्हणाली, "जा आता दोघं. ही तासभर उठायची नाही."

बाकावरचे माणूस

थीम पार्काच्या जन्माची एक गोष्ट सांगतात. वॉल्ट डिस्ने आपल्या मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये नेत. मुली घोड्यांच्या पाळण्यात फिरत आणि हे बाकावर बसून शेंगदाणे खात. तेथे त्यांच्या मनात आले, की आईबापांना आणि मुलांना मिळून मजा करता येईल अशी एखादी जागा असायला हवी. त्यातून 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइमला डिस्नेलँड उघडले. म्हणजे या सगळ्याची सुरुवात पाळण्यापासून नव्हे, बाकावर बसलेल्या माणसापासून झाली. डिस्नेच्या पार्कांत अशीही सोय आहे, की एक पालक बाळाजवळ थांबतो, दुसरा फिरून येतो, आणि मग पहिल्याला पुन्हा सगळी रांग न लावता जाता येते. आपल्याकडे अशी सोय असो वा नसो, घरच्या घरी ही पाळी लावायला कोणाची परवानगी लागत नाही.

आमच्याकडे बाकावर बसणारे माणूस ठरलेले होते. लग्नात, जयंतीच्या मिरवणुकीत, बाजारात, बाळ आणि पिशवी घेऊन कडेला बसते ती आई. वहीत आम्ही लंगोटांची संख्या लिहिली, रिक्षाचे भाडे लिहिले, पण तिच्यासाठी एकही खाना पाडला नव्हता. तिनेही मागितला नव्हता.

ती नायट्रोच्या रांगेत उभी राहिली तेव्हा दोनदा मागे वळली. "उठली तर? भूक लागली तर?" बाबा म्हणाले, "आई आहे ना तिच्याजवळ." गाडी वर चढू लागली तशी तिने दांडी घट्ट धरली. मग उतार, वळसे, डोके खाली पाय वर. दीड-दोन मिनिटांचा खेळ. उतरली तेव्हा केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी, आणि हसू आवरत नव्हते. धापा टाकतच ती म्हणाली, "सातवीतल्या मुली खरंच सांगत होत्या." आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.

परत आलो तर छकुली उठून आजीच्या मांडीवर केळे खात होती. रडली होती का, असे विचारले तर आजी म्हणाली, "थोडी रडली. मग राहिली. रडणं काय, थांबतं."

चार वाजता बाहेर पडलो. अजून कितीतरी खेळ पाहायचे राहिले होते, पण कोणाला हळहळ वाटली नाही. कर्जतच्या गाडीत छकुली बाबांच्या खांद्यावर झोपली होती आणि तिची आई आजीला नायट्रो कसा वळतो ते हाताने करून दाखवत होती. आजी म्हणाली, "बरं झालं पोरी, माझं तिकीट काढलंत."

तेव्हा वाचकहो, वर्षाच्या बाळाला घेऊन जरूर जा. टॅक्सी टाळा, खोली टाळा, बाहेरचे खाणे टाळा, पण बाळाला सांभाळणारे एक माणूस बरोबर न्यायला मागेपुढे पाहू नका. घरात आजी नसेल तर दोघांनी घड्याळ लावून पाळी करा. आणि घरी बेत आखताना वहीत एक खाना जास्त पाडा. त्यात बाळाच्या आईचे नाव लिहा आणि तिला काय करायचे आहे ते तिलाच विचारा.