कांद्यातला धागा आणि पुण्यातलं कलम

दिवाळीला आलेल्या भाचीनं स्वयंपाकघरात कांदाचाळीतला उन्हाळ कांदा चिरून ठेचला. त्यात मीठ आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घातलेलं पाणी ओतलं, गाळलं आणि ग्लासाच्या कडेनं फ्रीजरमधलं थंडगार स्पिरिट अलगद सोडलं. दोन मिनिटांत वर पांढरा, लिबलिबीत पुंजका तरंगू लागला. अगरबत्तीच्या काडीला तो चक्क गुंडाळला गेला! आमच्या विंचूरच्या कांद्याचा डीएनए माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होता. जन्मभर कांदा पिकवला, पण त्याच्या पोटातला हा धागा पंचेचाळिसाव्या वर्षी पाहिला.

"मामा, खरी गंमत पुढेच आहे. यातली नेमकी ओळ वाचून तिला घट्ट बिलगणारा रेणू माणसानं बनवलाय," ती म्हणाली.

बाजार समितीच्या हिशेबपट्टीच्या पाठीवर तिनं चित्र काढलं. डीएनएचा कणा साखर आणि फॉस्फेटचा, त्याला चार अक्षरं लटकलेली. ए समोर टी, जी समोर सी. पण फॉस्फेटवर ऋण भार असतो, म्हणून दोन धागे एकमेकांना बिलगतातही आणि ढकलतातही. मग तिनं तो कणाच खोडला. त्या जागी प्रथिनांसारखा, पेप्टाइड बंधांचा, भार नसलेला कणा काढला. अक्षरं मात्र डीएनएचीच ठेवली.

मी ओरडलोच, "अगं, हे तर कलम!"

द्राक्षबागेत आम्ही डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनची काडी भरतो. मूळ एकाचं, फळ दुसऱ्याचं. इथं खुंट प्रथिनाचा आणि काडी डीएनएची! नाव पेप्टाइड न्यूक्लिइक आम्ल, लाडकं नाव पीएनए.

त्या रात्री झोप कुठली! मोबाइलवर वाचतच बसलो. १९९१ साली कोपनहेगनमध्ये पीटर निल्सन, मायकेल एगहोम, रोल्फ बर्ग आणि ओले बुखार्ट यांनी हे घडवलं. डीएनएच्या कण्यात एका अक्षरापासून पुढच्या अक्षरापर्यंत सहा बंध असतात, म्हणून यांनीही सहाच ठेवले. वेलींमधलं अंतर चुकलं की अख्खी ओळ बिघडते, हे मला कुणी शिकवायला नको! डीएनएच्या जोडीशेजारी तिसरा धागा म्हणून हा रेणू बसेल, असा त्यांचा हिशेब होता. तो पठ्ठ्या थेट जोडीत घुसला आणि एका धाग्याला बाजूला सारून स्वतः दुसऱ्याशी जुळला. शिवाय डीएनए आणि प्रथिनं कापणारी विकरं त्याला ओळखतच नाहीत, त्यामुळे तो टिकतो.

आणि यातलं मोठं काम आपल्या पुण्यात झालंय! पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. वैजयंती कुमार आणि डॉ. कृष्ण गणेश यांनी या कलमाचा खुंटच सुधारायला घेतला. मूळ पीएनए फार लवचिक, पाण्यात नीट विरघळत नाही, पेशीत सहज शिरत नाही, डीएनए आणि आरएनए यांत फारसा फरकही करत नाही. यांनी कण्यात प्रोलीन या अमिनो आम्लाची पंचकोनी कडी बसवली, आणखीही कड्या बसवून पाहिल्या. कडी बसली की कणा हवा तसा वळतो आणि हवी तीच जोडी निवडायला लागतो. मोकाट काडी तारेला बांधून तिला दिशा देतो ना आपण, तसंच. डॉ. गणेश पुढे २००६ साली पुण्याच्या आयसरचे पहिले संचालक झाले.

मिठी किती घट्ट, हे मोजायची रीत मला सगळ्यात जास्त आवडली. जोडी पाण्यात ठेवून हळूहळू तापवायची आणि तिच्यातून २६० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडायचा. धागे सुटले की प्रकाश जास्त शोषला जातो आणि आलेख वर चढतो. ही चढण जितक्या जास्त तापमानाला, तितकी जोडी पक्की. दहा-पंधरा अक्षरांत एक जरी चुकलं, तरी जोडी बरीच लवकर सुटते. एवढी पारख! म्हणूनच चकाकणारा रंग लावलेले पीएनए रक्तातले जंतू ओळखायला वापरतात.

लासलगावच्या 'कृषक' प्रकल्पात कांद्याला गॅमा किरण देतात, ते आमच्या हाकेच्या अंतरावर. त्यानं कोंबाच्या पेशींचा डीएनए दुखावतो आणि कोंब फुटत नाही. पण किरण अक्षर बघून पडत नाहीत. हा रेणू वाचतो आणि मगच धरतो!

सकाळी छाटणीला गडी आले, तरी मी हिशेबपट्टी हातात धरून बसलेलो. भाचीच्या पुण्यातल्या कॉलेजात तो प्रकाश मोजायचं यंत्र आहे म्हणे. गोडी छाटणी उरकली की पुण्याची एसटी धरणार. आलेख वर चढताना बघायचाय, स्वतःच्या डोळ्यांनी.