पपनसाचा पाहुणचार

पपनस हे फळ मोठं दुर्दैवी. गणपतीपुढच्या फळांत ते नसलं तर ताट रिकामं वाटतं; पण एकदा आरती झाली, की त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. केळी-सफरचंदांचा फडशा पडतो, आणि हे आपलं आठ-आठ दिवस फडताळावर बसून असतं. यंदा मात्र आमच्या घरी त्याचं नशीब उघडलं, आणि तेही एका मेक्सिकन पेयामुळे.

माझा भाचा मेक्सिकोत, ग्वादालाहारा शहरात नोकरीला असतो. तिथून साठएक किलोमीटरांवर टकीला नावाचं गाव आहे. त्या गावाचंच नाव तिथल्या मद्याला पडलं. यंदा तो गणपतीला आला तो एक बाटली घेऊनच. विसर्जन होऊन चार दिवस गेल्यावर म्हणाला, "मावशी, एकदा पालोमा करू या." पालोमा म्हणजे स्पॅनिशमध्ये कबूतर. आपल्याकडे मार्गारीटाचं नाव अधिक ऐकू येतं. पण तिकडे ओसरीवर बसून प्यायचं पेय ते हेच, असं त्याचं म्हणणं. टकीला, लिंबू, मीठ, सोडा आणि ग्रेपफ्रूटचा रस.

आता ग्रेपफ्रूट कुठून आणायचं? माझी नजर फडताळाकडे गेली. ग्रेपफ्रूट हे अठराव्या शतकात बार्बाडोस बेटावर पपनस आणि संत्रं यांच्या संकरातून निपजलेलं फळ. लेक यायची नसेल तर आईला बोलावणं करावं, तसं मी पपनस खाली काढलं.

आणि टकीला तरी कुठे परकी? पुण्याहून सोलापूरकडे जाताना रुळांच्या कडेला ती तलवारीसारख्या पात्यांची झुडपं दिसतात ना, ते घायपात. त्याचं मूळ घर मेक्सिकोच. टकीला होते ती त्याच कुळातल्या निळसर झाडापासून. सहा-सात वर्षं ते वाढू द्यायचं, फुलोऱ्याचा दांडा वर येऊ लागला की छाटायचा, म्हणजे साखर खाली गड्ड्यात राहते. पाती तासली, की गड्डा अननसासारखा दिसतो, आणि तिकडे त्याला अननसच म्हणतात. तो भट्टीत भाजायचा, रस काढून आंबवायचा, आणि दोनदा ऊर्ध्वपातन करायचं. निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे ५१ टक्के, साखर या झाडाची असली तरी कायद्यानं तिला टकीला म्हणता येतं. म्हणून बाटलीवर १०० टक्के लिहिलेलं पाहून घ्यावं. (कुंपणाच्या घायपातावर मात्र कोणी प्रयोग करू नयेत. त्याच्या रसानं अंगाला खाज सुटते.) उलट आपलं कागदी लिंबू स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेलं, आणि आज मेक्सिकोच्या जेवणात त्याच्यावाचून पान हलत नाही.

आता कृती. पपनस मिक्सरमध्ये घालू नये. कडवटपणा असतो तो फोडींच्या पातळ सालींत आणि बियांत. फोडी नीट सोलाव्यात, नुसता गर फडक्यात घेऊन पिळावा. या कामाला अर्धा तास लागतो, आणि तो लागू द्यावा. एका उंच पेल्याला ६० मिलिलिटर पपनसाचा रस, लहान चमचाभर साखर विरघळवलेला, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. मिठानं कडवटपणा दबतो आणि गोडी वर येते. मग बर्फ, ४५ मिलिलिटर टकीला, आणि शेवटी गार सोडा. एकदाच हलकेच ढवळावं. वरून पपनसाच्या हिरव्या सालीचा तुकडा पेल्यावर मुरडावा. त्या तेलाच्या वासानंच अर्धं काम होतं. आपल्या राज्यात घरी पिण्यालासुद्धा १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवाना लागतो, आणि तो प्रकृतीच्या जपणुकीसाठी म्हणून देतात. आम्ही दोघांनी आधीच तो काढला होता. प्रकृती ठीक आहे.

हे सगळं स्वयंपाकघरात चाललं होतं आणि आई दारातल्या खुर्चीवर बसून पाहत होती. तिला हे कसं वाटेल, याचा घोर मला सकाळपासून लागला होता. माझे वडील घेत असत. आमच्या घरात हे वाक्य एवढंच बोललं जाई. त्यातलं कर्म कोणी कधी उच्चारलं नाही. बाटली कोठीच्या खोलीत ज्वारीच्या पिंपामागे असे. रात्री पिंप सरकल्याचा आवाज येई, आणि आई पोळ्या लाटता लाटता क्षणभर थांबे. पिंप पुन्हा जागेवर गेलं, की ती पुढची पोळी तव्यावर टाकी. वडील कधी ओरडले नाहीत, कधी कोणावर हात उचलला नाही. बावन्नाव्या वर्षी यकृतानं गेले. तेव्हाही भेटायला आलेल्यांना आम्ही कावीळ सांगितली.

भाच्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो औषधाच्या मापानं टकीला मोजत होता. आईनं विचारलं, "एवढीच?"

"एवढीच, आजी. जास्त घातली तर फळाची चव मरते."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मापानं ओतलेली मी आज पहिल्यांदा पाहिली."

तिच्यासाठी आम्ही टकीलावाचून एक पेला केला. तिनं अर्धा प्यायला, पपनसाला एवढी चव असते हे माहीत नव्हतं म्हणाली, आणि आणखी मीठ मागितलं. माझा पेला मी तिच्या समोर बसून प्यायला. पहिला घोट घशाखाली उतरायला वेळ लागला, तो टकीलामुळे नव्हे.

रात्री आवरताना भाच्यानं उरलेली बाटली वरच्या कपाटात, डब्यांच्या मागे सरकवली. आई पाणी प्यायला आत आली होती.

"तिथं नको," ती म्हणाली. "समोर ठेव. मागे ठेवलेली मला इथून दिसते."

सध्या ती कोकमाच्या आगळाशेजारी मांडणीवर उभी आहे. भाचा परत गेला, दसरा झाला. पातळी तेवढीच आहे. आई रोज मांडणी पुसते तेव्हा तीही पुसते, आणि काल बाजारातून येताना तिनं एक पपनस आणलं.